सात ठिपके

आत्या,

परवा तुझ्या तेराव्याच्या पंगतीत गेनूतात्यांनी मला जीभ दाखवली. मी मठ्ठ्याचा जग घेऊन त्यांच्यासमोर वाकलो, तर त्यांनी आ वासला आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली. मला वाटलं, रस्सा तिखट लागला असेल. मी घाईघाईनं वाटी भरली. ते जीभ आत न घेताच काहीतरी बोलले. शेजारच्यानं उलगडून सांगितलं, "पांढरी पडलीया का, बघा म्हंत्यात."

मी बघितली. पांढरी होती. का होती ते मला ठाऊक नव्हतं. "पाणी जास्त प्या," असं सांगून मी पुढच्या पानाकडे सरकलो. तोवर पलीकडच्या ओळीत एकानं विजार वर करून गुडघा उघडा केला होता.

तुझा भाचा डॉक्टर होणार ही बातमी वलवणभर झाली आहे. भाचा एक्केचाळीस वर्षांचा आहे, त्याला वाचायला चष्मा लागतो आणि दहाव्याला केस काढल्यामुळे तो सध्या उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो, याचं कुणाला काही नाही. नवव्या दिवशी यादी लागली. कोकणातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात माझं नाव आहे. मूळ कागद घेऊन उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत तिथं उभं राहायचं. नाही राहिलो तर जागा दुसऱ्या कुणाची तरी, बहुधा अठरा वर्षांच्या कुणाची तरी.

गेले सहा दिवस मी जाणार नव्हतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही, सुमनलाही नाही. तिनं दोन नवे टॉवेल आणि कुलूप आणून बॅगेत भरलं, ते मी बघत बसलो. जायचं नव्हतं ते वयामुळे नाही. जायचं नव्हतं ते एका आलेखाच्या कागदामुळे, जो तुझ्या गादीखाली घडी घालून ठेवलेला होता. तिथं तो मीच ठेवला होता, म्हणजे अचानक सापडला वगैरे काही नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो. तुला सगळं माहीतच आहे, तरी माझ्या तोंडून तू ते सलग कधी ऐकलं नाहीस. अर्ध्यातच म्हणायचीस, "फुडचं बोल."

दोन वर्षांपूर्वी कारखान्यात एक ऑपरेटर चक्कर येऊन पडला. मी क्वालिटी विभागाचा माणूस, माझं काम बेअरिंगचे लोखंडी गोळे मोजायचं, व्यास बरोबर भरतो का बघायचं; पण प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली कशी कोण जाणे माझ्याकडे आली होती. मी पेटी घेऊन धावलो. तिथं दोन माणसं आडवी होती. एकाला पडलेलं बघून दुसराही पडला होता. मला जो जवळ दिसला त्याला मी धरला, पाय वर केले, वारा घातला, साखरपाणी पाजलं, आणि तो उठून बसल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो दुसरा होता. खरा पेशंट मशीनच्या मागं तसाच पडून होता. त्याला अँब्युलन्समधल्या डॉक्टरनं उठवलं, आणि जाताना मला म्हणाला, "पाय वर करण्याची पद्धत मात्र बरोबर होती."

कुणाही शहाण्या माणसानं त्यानंतर पेटीची किल्ली परत केली असती. मी मेडिकलच्या प्रवेशासाठी 'नीट' परीक्षेचा फॉर्म भरला. वयाची अट उठली आहे हे मी मोबाईलवर वाचलं होतं. बारावीला जीवशास्त्र होतं, मार्क जेमतेम का होईना पुरत होते. मग रविवारी स्कूटर काढून तुझ्याकडे आलो.

तू ओसरीत तांदूळ निवडत होतीस. मी उभ्यानंच सांगितलं.

"कशापायी?" तू विचारलंस.

मी समाजसेवेवर बोललो. मावळातल्या दुर्गम वाड्यांवर बोललो. माणुसकी हा शब्द मी दोनदा वापरला.

तू तीन खडे काढून अंगणात टाकलेस आणि म्हणालीस, "झालं? आता खरं बोल."

खरं मला सांगता आलं नाही. तू म्हणालीस, "दत्ता, मी बत्तीस वर्सं डाक्टर बघितल्यात. जवळून. त्यांची चप्पल कुटं आसती आन् त्यांचा राग कुटं आसतो, समदं ठावं हाय मला. तू त्यातला न्हाईस."

"का नाही?"

"तुला मोजायचा नाद हाय. माणूस मोजून कळत न्हाई."

मी रागावलो. चहा न घेता निघालो, आणि स्कूटरची किल्ली तुझ्या कट्ट्यावर विसरल्यामुळे पाच मिनिटांत परत आलो. चहा तोवर गाळून ठेवला होतास.

खरं काय होतं ते आज लिहितो. अकरावी-बारावीला मी तुझ्याकडे राहायला होतो. दुपारी कॉलेज सुटलं की तुझा डबा घेऊन मी लोणावळ्याच्या त्या प्रसूतिगृहात यायचो. तिथं सगळे तुला मावशी म्हणायचे. आत्या म्हणणारा मी एकटा. बाळंतपणाच्या खोलीबाहेर एक बाक होतं. आत कुणीतरी ओरडत असायचं, डॉक्टरीणबाई मधूनच येऊन रागावून जायच्या, "अहो बाई, जरा सहन करा." मग तू फडकं बाजूला ठेवून आत जायचीस. दार अर्धं उघडं असायचं. तुझा आवाज ऐकू यायचा, "काय गं बाय, कुटं दुखतंय? मला सांग." बस, एवढंच. ती बाई सांगायला लागायची, आणि सांगता सांगता तिचं ओरडणं थांबायचं. दुखणं थांबत नसेल. पण ओरडणं थांबायचं, हे मी त्या बाकावर बसून, तुझ्या डब्यातली चटणी बोटानं चाटत, शंभरदा तरी ऐकलं असेल.

मला त्या खोलीत तसं शिरायचं होतं. डॉक्टर झालं की शिरता येतं, असा माझा सतराव्या वर्षी समज झाला. मार्क पडले नाहीत, डिप्लोमा केला, कारखान्यात लागलो, लग्न झालं. समज तसाच राहिला. हे मी तुला तांदळाच्या सुपासमोर कसं सांगणार होतो? तू म्हणाली असतीस, "मंग वार्डात मावशी म्हणून लाग की."

पहिल्या परीक्षेची गोष्ट तू सगळ्यांना सांगायचीस, ती तुझ्या पद्धतीनं. माझ्या पद्धतीनं अशी, की गेटवरच्या माणसानं मला अडवून "पालकांनी दोरीच्या पलीकडं" असं सांगितलं. मी प्रवेशपत्र दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, आणि म्हणाला, "मुलगा कुठाय?" दुसऱ्यानं माझे बूट काढायला लावले. मी सवयीनं कारखान्याचे, पुढं लोखंडी टोपी असलेले बूट घालून गेलो होतो. त्याच्या हातातलं यंत्र किंचाळायला लागलं. मी अनवाणी पेपर दिला. त्याचं काही नाही. घोटाळा वेगळाच झाला. तपासणे हा माझा धंदा आहे. मी प्रत्येक उत्तर काळं केल्यावर तपासत होतो, पान झाल्यावर पान तपासत होतो, आणि घंटा झाली तेव्हा माझे निम्मे प्रश्न निर्दोष होते. उरलेले निम्मे मी वाचलेही नव्हते.

तू म्हणालीस, "बरं झालं. सुटलास."

मी दुसऱ्यांदा फॉर्म भरला. तळेगावच्या क्लासला नाव घातलं. तिथली पोरं मला काका म्हणायची, आणि सर काय म्हणावं ते न कळून "अं" म्हणायचे. सकाळी क्लास, मग शिफ्ट, मग पुन्हा पुस्तक. आणि एक दिवस दुकानातून मी स्टेथोस्कोप आणला. प्रवेशाचा पत्ता नाही आणि आधी स्टेथोस्कोप. तो गळ्यात अडकवून मी तुझ्याकडे आलो, तुझ्या छातीवर लावला आणि बराच वेळ ऐकत राहिलो. काहीच ऐकू येईना.

"कसं हाय?" तू विचारलंस.

"एकदम शांत," मी म्हणालो.

"मंग कवा न्यायचं मला?"

तू तो माझ्या कानातून काढलास, उलटा केलास आणि परत घातलास. "त्याची तोंडं नाकाकडं पायजेत. बत्तीस वर्सं पुसून ठिवल्यात मी." मग मला तुझं हृदय ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी. मी काहीतरी भारदस्त चेहरा केला असणार, कारण तू हसलीस.

त्या नोव्हेंबरापासून मी तुझं बीपी आणि वजन घ्यायला लागलो. दर दुसऱ्या रविवारी. एक वजनकाटाच आणून ठेवला ओसरीत. तू त्यावर लुगडं सावरून, नवस फेडायला आल्यासारखी उभी राहायचीस. आणि मी काय केलं, तर कारखान्यातून आलेखाचा कागद आणला. मधोमध सरासरीची रेघ, वर एक तांबडी मर्यादा, खाली एक तांबडी मर्यादा. आमच्याकडे प्रत्येक मशीनवर असा कागद लटकलेला असतो. दर तासाला एक गोळा मोजायचा आणि ठिपका द्यायचा. तुझ्या उंचीच्या बाईचं वजन किती ते किती असावं, हे पुस्तकातून काढून मी तुझ्या मर्यादा आखल्या.

"आत्या, तू मर्यादेत आहेस," मी दर खेपेला सांगायचो.

"जल्मभर व्हते," तू म्हणायचीस.

पहिले चार ठिपके थोडे वर, थोडे खाली. जानेवारीपासून खाली यायला लागले. अर्धा किलो, पाऊण किलो. मी खूश झालो. बीपीही उतरत होतं. रात्रीचा भात बंद कर हा माझा सल्ला लागू पडतोय असं मी धरून चाललो. तू भात बंद केला नव्हतास. तुला तो जातच नव्हता. ते मला ठाऊक नव्हतं, कारण ते आलेखावर नव्हतं. सुमन एकदा म्हणाली, "आत्यांचे गाल बसलेत हो." मी तिला कागद दाखवला. सगळे ठिपके दोन तांबड्या रेघांच्या आत.

आता मी जे लिहिणार आहे ते आमच्या विभागातला कुणीही नवखा मुलगा सांगेल. त्याला ते मीच शिकवलेलं असतं. मी फळ्यावर लिहून देतो: सलग सात ठिपके एकाच दिशेनं गेले, तर ते मर्यादेत असले तरी मशीन बंद करायचं. वाट बघायची नाही. माल अजून खराब निघालेला नसतो, पण आत काहीतरी झिजतंय. मी अठरा वर्षं हे शिकवतोय. या एका नियमावर मी दोन माणसांना मेमो दिला आहे.

तुझे सात ठिपके खाली गेले. सातवा एप्रिलच्या मधल्या रविवारी दिला, निळ्या पेननं, आणि सातही ठिपके पट्टीनं जोडले. रेघ सुंदर आली होती. मी तुला ती दाखवली. तू चष्मा लावून बघितलीस आणि विचारलंस, "हे खाली चाललंय, ते बरं आसतं व्हय?"

"उत्तम," मी म्हणालो.

तू कागद परत दिलास. म्हणालीस, "परीक्षा कवा हाय?"

"तीन आठवड्यांनी."

"जा मंग. अभ्यास कर."

मेच्या पहिल्या रविवारी मी पेपर दिला. चप्पल घालून गेलो आणि काहीही तपासलं नाही. सोमवारी सकाळी सातला तुझा फोन. "पेपर कसा गेला?" मी म्हणालो, बरा. तू म्हणालीस, "आता मला दवाखान्यात घिऊन चल. पोटात गाठ हाय. हाताला लागती."

तळेगावच्या मोठ्या हॉस्पिटलात ते डॉक्टर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होते. त्यांनी तुला तपासलं, मग मला विचारलं, वजन उतरलंय का. या प्रश्नाची मी जणू सहा महिने तयारीच करत होतो. मी पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर पसरला. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"हे कोणी काढलंय?"

"मी."

"काय करता आपण?"

"क्वालिटीत आहे."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "छान काढलंय," ते म्हणाले.

तेव्हा मला ते सात ठिपके दिसले. सहा महिने बघत होतो, पण तेव्हा दिसले.

तुला घरी आणल्यावर मी तो कागद तुझ्या गादीखाली सारला. फाडवला नाही, आणि माझ्या घरी नेववलाही नाही. जूनभर आपलं भांडण चाललं. भांडण म्हणजे मी यायचो, तुझं औषध मोजून द्यायचो, आणि निघताना एकदा तरी विषय काढायचो. तू भाजी निवडत नसलीस तर नुसती छताकडे बघायचीस.

"सांगायचंस तरी," मी म्हणायचो.

"इचारायचंस तरी," तू म्हणायचीस.

"मी दर पंधरा दिवसांनी येत होतो."

"येत व्हतास की. काट्यावर उभी करत व्हतास, दंडाला पट्टा बांधत व्हतास, कागदावर लिवत व्हतास. आत्ये, जेवतीस का, झोप लागती का, कुटं दुखतंय का, आसं येकदा तरी म्हनलास?"

मी म्हणालो, तुला तर कळत होतं. तू बत्तीस वर्षं दवाखान्यात काढलीस, तुला गाठ म्हणजे काय ते कळत होतं.

"म्हनून तर गप बसले. तुझी परीक्षा व्हती."

"परीक्षा दरवर्षी असते."

"तुझी किती वर्सं उरल्यात ते मोज. तुला मोजता येतं."

"चार महिने गेले आत्या."

"काय फरक न्हाई पडला," तू म्हणालीस. "ह्ये दुखणं कुटं जातं ते मी बघितलंय. आदी आले काय न् नंतर आले काय. उगं जिवाला लावून घिऊ नगंस."

हे तू किती सहज म्हणालीस. मी ते धरून ठेवलं. डॉक्टरांच्या खोलीत त्यानंतर मी दहा वेळा तरी गेलो. औषधांचं विचारलं, पथ्याचं विचारलं, रिपोर्टातला प्रत्येक आकडा विचारला. जानेवारीचं विचारलं नाही. तुझं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला सोयीचं होतं.

जुलैत निकाल लागला तेव्हा तू फारसं बोलत नव्हतीस. मी मार्क सांगितले. तू माझा हात हातात घेतलास, उलटा करून बघितलास आणि म्हणालीस, "नखं काप. डाक्टराची नखं वाढलेली बरी न्हाईत." आशीर्वाद म्हणायचा तर तेवढाच. मी तिथंच कापली. तुझ्या अडकित्त्याशेजारी नेलकटर असायचं, अजून तिथंच आहे.

ऑगस्टात तू गेलीस. त्यावर मला काही लिहायचं नाही. मी तिथं होतो, सुमन होती, बाहेर कुणीतरी मोटारसायकल धूत होतं.

काल मी वडगावला तहसील कचेरीत गेलो. जायचं ठरलं नव्हतं, पण कागद तयार ठेवायची सवय सुटत नाही. बारावीनंतर मध्ये खंड पडलेल्या विद्यार्थ्याला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. झाडाखालच्या टायपिस्टनं विचारलं, "गॅप किती?"

"तेवीस."

"महिने."

"वर्षं."

त्यानं चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे बघितलं. "कारण? आजारपण, घरगुती अडचण, का परत परीक्षा? तीनच आहेत मशीनमध्ये."

"नोकरी केली," मी म्हणालो. "लग्न झालं. मुलगी आहे."

"घरगुती अडचण," तो म्हणाला, आणि टाईप केलं. संध्याकाळी सुमननं ते वाचलं. तेवीस वर्षं मी घरगुती अडचणीत होतो असं मी शपथेवर लिहून दिलं आहे. ती म्हणाली, "कबूल तरी केलंत." मग जरा वेळानं, स्वयंपाकघरातून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही जाणार नाही आहात ना?"

मी विचारलं, कसं कळलं.

"बॅगेतले टॉवेल बाहेर काढून कपाटात ठेवलेत तुम्ही. घडी माझी नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. ठिपके, मेमो, तुझं आणि माझं भांडण. म्हणालो, ज्याला घरातलं माणूस दिसलं नाही त्यानं कुठल्या तोंडानं तिथं जायचं. ती ऐकत होती. समजूत वगैरे काढली नाही. म्हणाली, "डॉक्टरांना विचारलंत?"

"काय?"

"तेच. जानेवारीचं."

"आत्या म्हणाली होती, काही फरक..."

"आत्यांना नाही. डॉक्टरांना."

आज सकाळी मी हॉस्पिटलात गेलो. नंबर लावला, दीड तास बसलो. त्यांनी मला ओळखलं, डोक्याकडे बघितलं, आणि कधी गेल्या ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, बसा. मी उभाच राहिलो.

"डॉक्टर, मी तिला जानेवारीत आणलं असतं तर?"

त्यांनी पेन बंद केलं. "जानेवारीत बहुतेक ऑपरेशन करता आलं असतं," ते म्हणाले. "पुरत्या बऱ्या झाल्या असत्या असं नाही म्हणत. पण वर्षभर मिळालं असतं. कदाचित दोन."

"ती म्हणाली होती, फरक नाही पडला."

"माहीत आहे. तुम्ही विचारलंत तर मीही तेच सांगावं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मी हो म्हटलं नव्हतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून माझी सुटका झाली."

मी आभार मानून बाहेर आलो. चुकीच्या दारानं, लहान मुलांच्या विभागात गेलो आणि तिथून रस्ता विचारत विचारत स्कूटरपाशी आलो.

म्हणजे तू खोटं बोललीस, आत्या. वर्ष, कदाचित दोन, ही तुझी होती. ती तू माझ्या एका रविवारच्या पेपरात घातलीस, आणि मला कळू नये म्हणून डॉक्टरालाही सामील करून घ्यायला बघितलंस. याबद्दल मी तुझे उपकार मानावेत अशी लोकांची अपेक्षा असेल. मला ते जमत नाही. मी विचारलं नाही हे माझं. पण तू सांगितलं नाहीस हे तुझंच आहे, आणि ते मी अजून तुझ्याकडून घेतलेलं नाही. आपलं भांडण जूनमध्ये होतं तिथंच आहे. एवढंच, की आता मला तुझी बाजू तू सांगितलीस त्यापेक्षा जास्त माहीत आहे.

उपकार मानायचे तर ते बाकावरच्या दोन वर्षांचे. त्या अर्ध्या उघड्या दाराचे. ते मी तिथं असताना कधी बोललो नाही, कारण मला वाटायचं, मी डबा पोचवायला येतो.

आज पहिल्यांदा मी न मोजता नुसतं विचारलं, आणि दुपारी टॉवेल पुन्हा बॅगेत भरले, या वेळी सुमनच्या घडीनं. उद्या सकाळची गाडी आहे. फॉर्मवरच्या फोटोत मला भरगच्च केस आहेत. तिथल्या कारकुनाला आधी ते समजावून सांगावं लागेल, मग तेवीस वर्षं. मी पाचच्या आत पोचेन. सात ठिपक्यांचा कागद गादीखालून काढून मूळ कागदांच्या फाईलमध्ये ठेवलाय, सगळ्यात मागं. तो तपासायला कुणी मागणार नाही.

क्लासमधल्या एका पोरानं मला सांगितलंय की पहिल्या वर्षी आम्हाला पेशंट नसतो. मृतदेह असतो. पांढऱ्या चादरीखाली, टेबलावर, आठ-दहा जणांत एक. वर्षभर त्याच्याकडूनच शिकायचं, आणि त्याला काही विचारून उपयोग नाही.

पहिल्या दिवशी चादर बाजूला केली की मी तरी विचारणार आहे, कुठं दुखत होतं म्हणून. पोरं हसतील. काका जरा तसलेच आहेत, म्हणतील.